सेतू, तुझ्या जागी उभी राहून

सेतू, हे तुला वाचता आलं नसतं. तंजावरच्या घरात जन्मभर मराठी बोललास, पण ही अक्षरं तुला येत नव्हती. मराठीत काही लिहायचं झालं की तू तमिळ लिपीत लिहायचास. मी हट्टानं देवनागरी शिकले तेव्हा तमिळ 'डी' लावून म्हणालास, "वसू, तूं आतां पुण्याची झालीस डी. आमच्याशीं बोलतांना पासपोर्ट दाखवावा की?" आज तुझ्याविषयी लिहायला बसले तर तेच पुण्याचं मराठी पुढे येतंय. घरचं मराठी कागदावर उतरवायला गेले की हात अडतो. म्हणजे आपलं भांडण मिटलेलं नाहीच, आणि माझ्याशी भांडायला आता तू नाहीस.

तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झालेत. पेपरांत सगळं येऊन गेलं. आपला बँड कधी निघाला, कुठे कुठे वाजवलं, कुठली बक्षिसं मिळाली. एका पेपरात आपला मोठा फोटो होता. मधोमध मी, माईक धरलेली, तोंड उघडं. काकू, तुझी आई, तो पेपर हातात घेऊन ओटीवर बसली होती. तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला आणि मला विचारलं, "यांत सेतू कोठें आहे?" तू कडेला होतास. अर्धा खांदा आणि गळ्याभोवतीचा रुमाल, बस. मी बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "हां, हाच." आणि पेपर घडी करून आत नेला. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठून जाऊ कुठे? तुमच्याच वीदीत, त्याच गल्लीत माझं घर. लहानपणापासून मी रागावून जायचे ती तुमच्याकडे, आणि तुमच्याकडून रागावले की आमच्याकडे.

आपण बँडची सुरुवात केली ती इलंगोच्या मामाच्या भात गिरणीमागच्या गोदामात. अॅम्प्लिफायरवर कोंड्याचा थर बसायचा. आरोक्यमनं ड्रमवर काठी मारली की तो उडायचा आणि गाण्याच्या मध्येच आपण चौघंही शिंकायला लागायचो. आरोक्यम चर्चमध्ये वाजवून शिकलेला, इलंगो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. मी बेस गिटार घेतली ती दुसरं कुणी घेईना म्हणून. गाणार कोण, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. गाणी तुझी होती, तमिळमधली, तू गायला लागलास.

नावही तूच ठेवलंस, कडैमडै. कावेरीचं पाणी कालव्याकालव्यानं फिरत सगळ्यात शेवटी ज्या शेतांना पोचतं, ती कडैमडै. तुमची जमीन तसलीच, अगदी टोकाची. मी म्हटलं, "हें काय नांव डा? कोणास कळेल?" तू म्हणालास, "ज्यास पाणी उशिरां येतें त्यास कळेल." मग कळलं की अशी माणसं पुष्कळ आहेत. चेन्नईत होती, बेंगळुरूत होती, सिंगापूरला तर सभागृहभर होती. 'कालव्यातली सायकल' सुरू झालं की ती उभीच राहायची. उन्हाळ्यात कालवा आटतो आणि तळाच्या चिखलात लोकांनी हरवलेल्या वस्तू दिसायला लागतात. एकाला त्यात आपली लहानपणीची सायकल सापडते, एवढंच ते गाणं. आपल्याकडच्या कुणालाही त्यात नवीन काही नाही. पण सिंगापूरला एक पिकल्या केसांचा इंजिनियर तुझा हात धरून रडला आणि कितीतरी वेळ हात सोडेना.

तंजावरचे म्हटल्यावर जो तो विचारायचा, गुरू कोण? तिरुवैयारूला शास्त्रीय गाणं कुणाकडे शिकलात? तुझ्या गिटारीत हा राग दिसतो, तो राग दिसतो. एका मुलाखतीत तू अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, आमचा गुरू म्हणजे पट्टुकोट्टैच्या टाउन बसचा हॉर्न. त्यांनी ते तसंच छापलं. पण मला वाटतं, तू खोटं बोलला नव्हतास. तुझा आवाज वरच्या सुरात गेला की फाटायचा, त्या हॉर्नसारखाच. आणि तू तालाच्या किंचित मागून यायचास, सुटलेल्या बसमागे धावणाऱ्या माणसासारखा. आरोक्यम चिडायचा. मी माझ्या बेसवर तुझ्यासाठी जरा रेंगाळायचे. तुला ते माहीत होतं का? मी कधी सांगितलं नाही.

आता पुण्याचं बोलू. आपण तिथे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तू दोन गाण्यांच्या मध्ये माईकपाशी गेलास आणि घरी बोलतो तसंच विचारलंस, "तुम्हीं सगळे जेवलांत की?"  सगळं मैदान हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "शिवाजी महाराजांच्या काळातनं आलात का?" तू लगेच म्हणालास, "होय. यावयास अंमळ उशीर झाला." मग तर टाळ्या आणि शिट्ट्या थांबेनात. तू खूष होऊन आणखी बोलायला लागलास. मी पुढे झाले, तुझ्यासमोरचा माईक माझ्याकडे वळवला आणि इंग्रजीत पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गिटार वाजवायला लागलास.

हॉटेलवर परत येताना गाडीत आपण भांडलो. मी म्हटलं, ते आपल्याला हसले. तू म्हणालास, ते हसले कारण त्यांस आवडलें. मी म्हटलं, माकडाचा खेळही आवडतो लोकांना. तू विचारलंस, "वसू, तुज माझ्या अम्माच्या बोलण्याचीही लाज वाटते की?"  त्यानंतर मी पुस्तकं आणली, शिकवणी लावली, 'मज' आणि 'तुज' सोडून दिलं. आणि तू त्यानंतर कुठल्याच स्टेजवर मराठी बोलला नाहीस. मला वाटलं, मी जिंकले.

मग तुझा घसा बसायला लागला. आधी आपण त्याची थट्टा केली, नवा सूर सापडला म्हणून. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं त्या दिवशी इलंगो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला आणि उठेचना. तू मात्र ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला तिघांना म्हणालास, "कँटीन बंद होण्याच्या आधीं जेवून या." तुझ्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. तेव्हा कळलं असतं तर मी नीट ऐकलं असतं. मी आरोक्यमशी गाडी कुठे लावली त्याबद्दल बोलत होते.

घरी आल्यावर तू फोनवर टाइप करून आम्हाला दाखवलंस: वसू गाईल. मी नको म्हटलं. बँड बंद करू, म्हटलं. इलंगोनं होकाराची मान हलवली, आरोक्यमनंही. तू पुन्हा तेच पुढे धरलंस. वसू गाईल. मी अजून नको नकोच म्हणत होते. पण सेतू, ते म्हणताना माझ्या मनात जे होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला गायचं होतं. गोदामातल्या पहिल्या दिवसापासून गायचं होतं. तुझ्या प्रत्येक गाण्याच्या मागे मी मनात गात आले होते, माझ्या पद्धतीनं, नीट तालात. तुझ्या गळ्याला भोक पाडलेलं, तुझी आई आत देवाजवळ बसलेली, आणि मी डोळ्यांत पाणी आणून नको म्हणत होते आणि आतून मला ते हवं होतं.

बेंगळुरूला मी पहिल्यांदा तुझ्या जागी उभी राहिले. पहिलं गाणं कसंबसं गेलं. 'कालव्यातली सायकल' आलं तेव्हा लोक माझ्यापेक्षा मोठ्यानं गायला लागले, आणि शेवटच्या ओळीला मी वरचा सूर धरला. तुझा तिथे फाटायचा. माझा फाटला नाही. जो गलका उठला तसा आपण आधी कधी ऐकला नव्हता. मी विंगेत आले ती हसतच आले. गाल दुखेपर्यंत हसत होते. आणि समोर तू होतास, प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्याला रुमाल बांधून. मी तळहातानं तोंड पुसलं. हसणं पुसून टाकलं. तू फोन काढलास, टाइप केलंस आणि माझ्यासमोर धरलंस: पुसलीस कां?

"घाम," मी म्हटलं.

तू माझ्याकडे पाहत राहिलास. मग खुर्ची सरकवून मला बसायला जागा केलीस. एवढंच. त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. तू रागावला असतास किंवा हसला असतास, काहीतरी केलं असतंस आणि ते मोकळं झालं असतं. पण मी पाणी प्यायले आणि आवाज बरोबर लागला होता का, असं आरोक्यमला विचारायला गेले.

पुढे बँड आणखी मोठा झाला. तू असताना झाला होता त्याहून मोठा. तुझी गाणी माझ्या आवाजात जास्त लांबवर पोचली, हे मला लोक स्तुती म्हणून सांगतात. तू सुरुवातीला बरोबर यायचास, साउंडवाल्यांच्या शेजारी बसायचास. मग प्रवास झेपेना आणि तू तंजावरलाच राहायला लागलास.

पोंगलला मी घरी आले तेव्हा तू मला मागच्या अंगणात बोलावलंस. काकू तिथे वडे तळायच्या तयारीत होती. तू गिटार घेतलीस, तिला खूण केलीस, आणि तुझी आई, जिनं आपल्या बँडला आयुष्यभर 'तें ढमढम' म्हटलं, ती हाताचं पीठ पुसत गायला लागली.

पाणी आलें की, आलें की?
नाहीं अजून, नाहीं अजून.

मी तिथेच तिला थांबवलं. दोन ओळींतच मला कळलं होतं तू काय केलं आहेस ते. एकानं विचारायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं. हजारो माणसं 'नाहीं अजून' म्हणणार. शब्द काकूचे होते, ती लग्न होऊन आली तेव्हा शेतावर बायका एकमेकींना हाक मारून विचारायच्या त्या आठवणीतले. चाल तुझी. गाणं सुंदर होतं, सेतू. ते सुंदर आहे हे त्या क्षणी मला कळलं होतं, म्हणूनच मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"छान आहे," मी म्हटलं. "हा दौरा झाला की बसवूं."

तू टाइप केलंस: पुण्यांत म्हण.

"तेथें नक्को डा. हसतील."

हसूं दे.

"तुज काय होतें? तेथें उभी मी राहणार."

हे वाक्य मी बोलले. ज्याची जागा घेतली होती त्यालाच मी सांगितलं की तिथे आता मी उभी असते. काकूच्या कढईत तेल तापलं होतं, तिनं पाठ फिरवली. तू फोन बंद केलास आणि खिशात ठेवलास. दुसऱ्या कुणी फोन खिशात ठेवला तर त्यात काही नाही. तू ठेवलास म्हणजे तुझं बोलणं संपलं.

त्यानंतर तू अधूनमधून विचारायचास, शिकलीस की? मी उत्तर पाठवायचे, शिकतें आहें. काही शिकत नव्हते. काकूकडे बसायला हवं होतं, आणि काकूकडे बसायचं म्हणजे तुझ्यासमोर बसायचं. मी घरी येणंच टाळायला लागले. कार्यक्रम होतेच, कारण सांगायला काही जुळवावं लागत नव्हतं.

तू गेलास तेव्हा आम्ही कोचीत होतो. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आवाज तपासत होतो. आरोक्यम फोन घेऊन माझ्याकडे आला आणि त्यानं माझ्या गळ्यातली गिटार काढून घेतली. तसेच गाडीत बसून निघालो. रस्त्यात इलंगो रडत होता. आरोक्यम गाडी चालवत जपमाळेच्या प्रार्थना पुटपुटत होता. आणि मी, सेतू, मी मनात गाण्यांचा क्रम लावत होते. तुझ्या स्मरणार्थ कार्यक्रम करावा लागेल, आधी कुठलं घ्यावं, शेवटी कुठलं, दिवे कुठे मंद करायचे. तिरुच्ची ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करतेय. मी थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना.

दारात काकू उभी होती. मला पाहून म्हणाली, "आलीस? जेवलीस की?" पुण्यातलं मैदान ज्यावर हसलं होतं तेच वाक्य. मला मान वर करता आली नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. कुंभकोणमहून, मन्नारगुडीहून, चेन्नईहून नातेवाईक आले होते. पोरं मराठी समजून तमिळमध्ये उत्तरं देत होती. तुझ्यासाठी आलेली फॅन मुलंमुली बाहेर उभी होती, त्यांनाही काकूनं आत बोलावून केळीच्या पानांवर वाढलं. जेवणं झाली. दुपारच्या त्या सुस्तीत सगळे दिवाणखान्यात टेकले असताना काकू मधोमध येऊन बसली आणि म्हणाली, "वसू, तें पाण्याचें गाणें म्हण. सेतू मज सांगितला, वसूस पाठ झालें, तुज म्हणून दाखवील."

सगळे माझ्याकडे वळले. फॅन मुलांनी हातातले फोन खाली ठेवले. हे रेकॉर्ड करायचं नाही, एवढं मात्र त्यांना कळलं. मी उठून उभी राहिले, सवयीनं. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. आणि पुढे काही नव्हतं. मोठ्या मोठ्या मैदानांत गाणारी मी, तुमच्या घरातल्या माणसांपुढे तोंड उघडं ठेवून उभी होते.

"काकू," मी म्हटलं, "मज येत नाहीं. मी शिकलेंच नाहीं."

"विसरलीस?"

"नाहीं. शिकलेंच नाहीं. तो शिक म्हणत राहिला, मी त्यास खोटें सांगत राहिलें, शिकतें आहें. पाठ झालें असें कधीं म्हटलें नाहीं. मज लाज वाटत होती. पुण्यांत हसतील म्हणून."

आरोक्यमनं जमिनीकडे पाहिलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. काकू मात्र माझ्याकडेच बघत होती. "म्हणजे त्यासही ठावें होतें," ती हळू म्हणाली. "तरी तो मज सांगितला, पाठ झालें." तिनं हे दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिच्या चेहऱ्यावर रागही होता आणि तुझं कौतुकही होतं, आणि मी त्यातलं काहीच सहन करू शकत नव्हते. तू मला झाकलं होतंस, सेतू. मी तुझं गाणं टाळतेय हे ओळखून तू तुझ्या आईजवळ माझी लाज राखलीस, आणि तीही टाइप करून, एकेक अक्षर दाबून.

काकू उठून मागच्या अंगणात गेली. मी चपला शोधायला दाराकडे निघाले. मग आतून हाक आली, "वसू, कोठें गेलीस?" मी परत फिरले. ती खरकट्या पातेल्यांच्या ढिगाशेजारी पाटावर बसली होती. तिनं समोर बोट दाखवलं. मी बसले.

तिनं गायला सुरुवात केली. तुझ्या गिटारीशिवाय तिला सूर सापडायला वेळ लागला. पाणी आलें की, आलें की? मी उत्तर दिलं, नाहीं अजून, नाहीं अजून. कोठें राहिलें, कोठें राहिलें? वाटेंत कोणी थांबविलें. मी चुकले की ती थांबायची, तळहात पदराला पुसायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. आवाज ऐकून एकेक माणूस दारात येऊन उभा राहिला. तुझी चेन्नईची मावशी तमिळ हेलात उत्तर द्यायला लागली, मग तिची नातवंडं, मग ती फॅन मुलं, ज्यांना एक शब्द कळत नव्हता. आरोक्यमनं एक रिकामं पातेलं उपडं घातलं आणि बोटांनी ताल धरला. मी गात होते आणि मला चांगलं वाटत होतं, आणि या वेळी मी तोंड पुसलं नाही.

शेवटच्या कडव्याला काकू अडली. पाणी आलें, आलें पाणी, इथवर म्हणाली आणि थांबली. सगळे वाट बघत राहिले. मी म्हटलं, "काकू, पुढचें मज ठावें नाहीं. तुम्हांस सांगावें लागेल." तिनं घसा साफ केला. पुढची ओळ तिनं गायलीच नाही. साधी बोलून दाखवली, सकाळी तुझ्या खोलीच्या दारातून तुला उठवताना बोलायची तशी. वाट पाहून जो बांधावर झोपला आहे त्याच्याविषयीची ती ओळ होती.

पोंगलला मी तुम्हाला दोन ओळींवर थांबवलं नसतं तर ती मी तुझ्यासमोर ऐकली असती.

मी ती तुझ्या चालीवर बसवून म्हटली, "उठवा त्याला, झोपला तो."

"त्याला नव्हे. त्यास," काकू म्हणाली. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.